गुणी डावा पाय

माझं नाशिकरोडला पडद्यांचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या खिडक्या झाकतो आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळीत स्वतःला उघडं पाडतो. पन्नाशी ओलांडली तरी मला नायकाचं काम कुणी दिलेलं नाही. त्याचं दुःख नाही, कारण म्हातारे, फौजदार आणि प्रेतं यांत आपला हातखंडा आहे. एका स्पर्धेत मी पहिल्या अंकाच्या शेवटी मेलो आणि दुसरा अंक संपेपर्यंत स्टेजवर पडून राहिलो. नाकावर माशी बसली, हललो नाही. निकालाच्या भाषणात परीक्षकांनी प्रेताचा खास उल्लेख केला. आमचा नायक अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे ऐन वेळी माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास का ठेवला नाही ते वेगळं सांगावं लागणार नाही.

आमच्या मंडळीत प्रकाशयोजना करणारा माझा जुना मित्र दिवसा फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकवतो. एका तालमीनंतर दिव्यांच्या वायरी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "तुझ्यासाठी एक काम आहे. पेशंटचं."

"कितव्या अंकात मरायचं?"

"मरायचं नाही. नुसतं दुखतंय म्हणायचं."

काम असं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांना पेशंट तपासून दाखवावा लागतो. पाय उचलून बघ, सांधा फिरवून बघ, हातोडी मारून बघ, आणि मग सांग की कुठला सांधा बिघडलाय, कुठली नस दबलीय. पूर्वी सगळे पेशंट खरेच असायचे. पण खऱ्या पेशंटचा पाय सकाळपासून पोरांनी उचलून उचलून दुपारपर्यंत खरोखर मोडायची वेळ यायची. शिवाय काही पेशंट सरावलेले असत. देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार तर विद्यार्थी आत आला रे आला की दबक्या आवाजात सांगत, "पाचवा मणका, बेटा. लिख लो." त्यामुळे आता कॉलेजनं काही खोटे पेशंट बसवायचं ठरवलं होतं. खरा कोण आणि खोटा कोण, हे मुलांना सांगायचं नाही.

"म्हणजे दिवसभर एकच प्रवेश, आणि दर वेळी नवा प्रेक्षक," मी म्हणालो.

"आणि टाळ्या नाहीत," मित्र म्हणाला. "आणि खोलीत भूमिका सोडायची नाही. आग लागली तरी."

त्यानं मला माझी भूमिका लिहून दिली. दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार, वय पन्नासच्या पुढे, फवारणीचा पंप उचलताना कंबरेत चमक, तेव्हापासून उजव्या पायात कळ. मी विचारलं, कळ कशी? म्हणजे करुण, रौद्र, काय?

"पोटरीपर्यंत," तो म्हणाला.

मग त्यानं मला घरच्या सतरंजीवर आडवं पाडून शिकवलं. पेशंटला उताणा झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता सरळ वर उचलायचा. नस दबलेली असली की पाय थोडा वर जाताच ती ताणली जाते आणि मांडीच्या मागून पोटरीपर्यंत वीज उतरते. पाय जमिनीपासून जेमतेम सुटल्यावर बोंबललास तर पोरं तुला ढोंगी ठरवतील. उभा छताला लागेपर्यंत गप्प राहिलास तर पेशंटच नव्हेस. कळ मधे कुठेतरी, आणि दर वेळी तिथेच. पाऊल गुडघ्याकडे दाबलं तर कळ वाढवायची, गुडघा वाकवला की विझवायची. टाचांवर चालून दाखवायचं, चवड्यांवर चालून दाखवायचं, उजवीकडे जरा लंगडत.

यातलं मला काहीच अवघड नव्हतं, कारण आदल्याच वर्षी मला असलंच दुखणं खरोखर झालं होतं. डाव्या पायात. दोन-अडीच महिने असा वळवळलो की बायकोनं दुकानाच्या गादीवर माझ्यासाठी वेगळी उशी ठेवली. मग एक दिवस कळ आपोआप गेली. मी डॉक्टरची पायरी न चढता बरा झालो ही गोष्ट मी येणाऱ्याजाणाऱ्याला पडद्याच्या भावाआधी सांगत असे. आता ती आठवण भांडवल म्हणून कामी आली. डाव्याची कळ उचलून उजव्यात घातली की झालं.

अडचण हातोडीची होती. टाचेच्या वर दोरीसारखी जी शीर लागते तिच्यावर रबराच्या हातोडीनं टकटक केलं की पाऊल आपोआप उडी मारतं. माझ्या भूमिकेत उजव्या पायाची ही उडी मंद असायला हवी होती. मित्र म्हणाला, "ते तू करायचं नाहीस. ते कुणालाच करता येत नाही. मुलं हातोडी मारून दाखवतील, आणि उत्तर काय धरायचं ते परीक्षकांच्या कागदावर आहे."

कुणालाच करता येत नाही, हे वाक्य नटासमोर बोलू नये. माशी नाकावर बसली तरी न हललेला माणूस मी. घरी आलो, जेवणाच्या खुर्चीवर गुडघे टेकून भिंतीकडे तोंड करून बसलो, पावलं मागे लोंबती सोडली आणि बायकोला म्हणालो, "लाटणं आण. टाचेच्या वर मार. जपून, पण मार."

ती पीठ मळत होती. तिनं हात पुसले, लाटणं घेतलं आणि कारण न विचारता मारलं. या बाबतीत ती फार समजूतदार आहे.

उजव्या पायानं टुणकन उडी मारली. मी श्वास रोखला, दात आवळले, मनातल्या मनात समाधी लावली. पुन्हा टुणकन. आठवडाभर रोज संध्याकाळी हा प्रयोग चालला. उजवा पाय काही बधेना. एके दिवशी कंटाळून बायकोनं डाव्यावर लाटणं मारलं, आणि काय सांगू, डावा पाय जागचा हलला नाही. पुन्हा मारलं. ढिम्म. समोर राजवाडा जळतोय आणि द्वारपाल उभा तसा उभा.

"बघ," मी म्हणालो. "याला म्हणतात तयारी. उजव्याला आठवडाभर शिकवतोय तर त्याला जमत नाही, आणि यानं नुसतं शेजारी लटकून आत्मसात केलं."

"मग उजव्याला याच्याकडे शिकवणीला पाठवा," बायको म्हणाली. "आणि या गुणी पायाला सांगा, चप्पल सांभाळायला शीक म्हणावं."

हा चपलेचा टोमणा आमच्या घरात वर्षभर चालू होता. माझ्या डाव्या चपला हरवत. उजवी कधीच नाही. अंगठ्याची चप्पल घालून मी चालत असे आणि कुठेतरी मागे डावी गळून पडलेली असे. खडा टोचला की कळे. एक रामकुंडाजवळच्या गर्दीत गेली, एक रिक्षात चढताना. एकदा दुकानात शिडीवर चढून गिऱ्हाइकाला वरच्या खणातला मखमली पडदा दाखवत होतो, तर चप्पल निसटून सरळ त्या बाईंच्या पर्समध्ये पडली. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, "हिचे पैसे वेगळे लावणार का?" मी यावर चांगली दहा मिनिटांची नक्कल बसवली होती आणि प्रत्येक लग्नात ती करत होतो. लोक हसत. बायको सोडून. तिला दर खेपेला नवा जोड आणावा लागे.

मी मित्राला फोन करून विचारलं, "दुखणं डाव्या पायात घेता येईल का? माझा डावा फार चांगलं काम करतो."

"कागद छापून झालेत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

परीक्षेच्या दिवशी मी घरूनच रंगून निघालो. पायजमा, जुना सदरा, टोपी, खांद्यावर पंचा. कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसून भूमिकेत शिरत होतो. शेजारी पांढरा कोट मांडीवर ठेवून एक मुलगी बसली होती, फोनवर बोलत.

"आई, तू देवापुढे बसून राहू नको. भाताच्या आवणीला जा. बाया येऊन थांबल्या असतील... नाही, मी नाही रडत. पाऊस किती आहे तिकडे? ... हो. पप्पांना सांग, या वेळेला नाही झालं तर येते मी सामान घेऊन. मी कबूल केलंय ना. आता ठेव."

ठेवला आणि कपाकडे बघत बसली. मला आवाज लावून बघायचाच होता. म्हणालो, "इगतपुरीकडची का गं, बाई?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"आवणी म्हनलीस. आमच्याकडं द्राक्षं. आमी दिंडोरीकडचं. पाय लय दुखतोय, त्याला दाखवाया आलोय. तुजी परीक्षा हाय का?"

तिनं माझ्या टोपीवर विश्वास ठेवला आणि मला भडाभडा सांगितलं, जसं माणूस पुन्हा न भेटणाऱ्या म्हाताऱ्याला सांगतो. ही तिची दुसरी खेप होती. सगळं येत होतं, पण गेल्या खेपेला तिनं पेशंटचा डावा पाय उजवा सांगितला आणि उजवा डावा. परीक्षक बाईंनी तिथल्या तिथे पेन बंद केलं. आता ही खेपही गेली तर बरोबरीची मुलं पुढे जाणार, हिचं आणखी वर्ष जाणार, आणि घरात तर ठरलं होतं की मग पुरे झालं शिक्षण.

"उजवा हात कुठला ते कसं इसरतं मानूस?" मी म्हणालो.

"माझा नाही विसरत, काका. समोरच्याचा विसरते. समोरचा माणूस उलटा असतो ना. उताणा असला की एक, पालथा असला की दुसरंच."

"मंग आता?"

"आता एक युक्ती काढलीय," ती म्हणाली, पण युक्ती सांगितली नाही. कोट उचलून उठली. मीही उठलो आणि रुबाबात फाटकाकडे निघालो. चार पावलं गेलो असेन.

"काका, चप्पल."

मागे वळलो. डावी चप्पल बाकाखाली तशीच. ती मुलगी चपलेकडे बघत होती, मग माझ्या पायाकडे. मी पंचा झटकून म्हणालो, "तिला चहा आवडला वाटतं." ती हसली नाही.

आत माझी खोली, एक तपासणीचं टेबल, एक खुर्ची. कोपऱ्यात बाहेरगावहून आलेल्या परीक्षक मॅडम, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात कागद. दाराशी माझा मित्र, चेहऱ्यावर नाटकाच्या पहिल्या घंटेला असते तशी काळजी.

सकाळ सुरेख गेली. एका मुलानं माझा पाय बसच्या टपावर बॅग टाकावी तसा उचलला. मी अशी किंकाळी दिली की त्यानं माझी माफी मागितली. एक मुलगी पायाला हात लावायच्या आधी तीनदा म्हणाली, "दुखलं तर सांगा हं." मी सांगायला एका पायावर तयार होतो. हातोडी मात्र सगळ्यांनी उरकली. खुर्चीवर गुडघे टेकवले, टाचेमागे टक, टक केलं आणि ज्या पायाचं रडगाणं मी गायलो होतो त्याचं नाव घेऊन मोकळे झाले: उजवीकडे मंद. गोष्ट ऐकून उत्तर ठरलेलं होतं, पावलाकडे कुणी फारसं बघितलंच नाही. मॅडम कागदावर खूण करत होत्या. मी उजव्याला आवरायला दर वेळी जिवाचं रान करत होतो आणि तो गाढव दर वेळी उडत होता, पण कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मला वाटलं, समाधी थोडी तरी लागली असणार.

मग ती आत आली. मला पाहून थबकली. मी डोळा मारला नाही, हे माझ्या संयमाचं लक्षण समजावं.

तिनं नाव, गाव, कुठं दुखतं विचारलं आणि मग म्हणाली, "काका, तुम्ही जेवता कोणत्या हातानं?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"बायकोच्या," मी म्हणालो.

"नीट सांगा. घास कोणत्या हातानं घेता?"

मी हात वर केला. तिनं त्या हाताच्या मनगटाला स्वतःच्या बोटांनी हलकेच धरलं, जणू तिथं खूण बांधली, आणि तिथून खाली त्याच बाजूच्या पायापर्यंत नजर नेली. म्हणजे ही युक्ती होती. आपल्याकडे डावखुराही उजव्या हातानंच जेवतो. समोरचा कसाही झोपलेला असो, घासाचा हात बदलत नाही. मला टोपी काढून तिला मुजरा करावासा वाटला, पण भूमिका.

तिनं आधी न दुखणारा पाय उचलला. सकाळपासून हे कुणी केलं नव्हतं. मग दुखणारा, मी ठरल्या जागी कळ सोडली, तिनं गुडघा वाकवला, मी कळ विझवली. चवड्यांवर चालायला लावलं. मी उजवीकडे लंगडलो. ती म्हणाली, "डावी टाच जास्त खाली येते का, काका?" मी म्हणालो, "दमलीय." मग तिनं विचारलं, "चप्पल पायातून निसटते का कधी? न कळता?"

हा प्रश्न माझ्या कागदात नव्हता. मी ऐन वेळी सुचेल ते बोललो, आणि सुचलं ते खरंच होतं. "निसटती की. डावी. लय निसटती. बायको वरडती."

तिनं मला खुर्चीवर गुडघे टेकायला सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि उजव्याची मनधरणी सुरू केली. टक. उडाला मेला. मग डाव्यावर टक. थांबली. पुन्हा टक. "काका, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा." ओढली. पुन्हा टक.

"सांगा," मॅडम म्हणाल्या.

"उजवा पाय उचलल्यावर कळ येते, मॅडम. पण टाचेचा रिफ्लेक्स उजवीकडे व्यवस्थित आहे. डावीकडे येत नाही."

कागद फडफडला. मग मॅडमच्या पेनाचं टोपण बसल्याचा आवाज आला. भिंतीकडे तोंड असलं तरी तो आवाज मी ओळखला. सकाळीच त्याचं वर्णन ऐकलं होतं.

"गेल्या वेळी मीच होते ना?"

"हो, मॅडम."

"गेल्या वेळीही हेच झालं होतं."

"मॅडम, ज्या हातानं ते जेवतात त्या बाजूचा पाय उडतोय. दुसऱ्या बाजूचा नाही उडत. मी विचारलं होतं."

"कागदावर उजवीकडे मंद आहे. आत्तापर्यंत सगळ्यांनी तेच सांगितलंय."

मी भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात एक साधीशी गोष्ट हळूहळू वर येत होती. सकाळपासून माझं सगळं लक्ष उजव्याला आवरण्यात होतं. डाव्याला मी काही सांगितलंच नव्हतं. काहीच नाही. मग तो कुणाच्या सांगण्यावरून गप्प होता?

"ताई बरुबर बोलत्यात," मी भिंतीला म्हणालो.

"बाबा, तुम्ही बोलू नका," मॅडम म्हणाल्या.

"डावी चप्पल माजी खरंच..."

"बाबा."

मी खुर्चीवरून उतरलो. टोपी काढली. दिंडोरीही काढून ठेवली. "मॅडम, माझं नाशिकरोडला पडद्यांचं दुकान आहे. मला फवारणीतलं ओ की ठो कळत नाही. उजवा पाय माझा ठणठणीत आहे, ते सगळं नाटक. पण डाव्याचं मी काही केलेलं नाही. ही मुलगी बरोबर सांगतेय."

मॅडमनी दाराकडे वळून मित्राला विचारलं, "हे यांच्या भूमिकेत आहे का?"

"नाही, मॅडम," मित्र म्हणाला. नंतर, प्रामाणिक माणूस असल्यामुळे, पुढे म्हणाला, "पण यांचं काही सांगता येत नाही. हे प्रेताचं काम फार छान करतात."

"तुमची या मुलीशी ओळख आहे?"

"चहापुरती," मी म्हणालो, आणि बोलताक्षणी कळलं की हेही बोलायला नको होतं. मुलीनं डोळे मिटून घेतले. आयुष्यभर मी नाही ते आहे म्हणून लोकांना पटवत आलो. आता एकदाच आहे ते आहे म्हणून पटवायचं होतं तर माझ्याकडे चेहराच शिल्लक नव्हता. मी गयावया केली असती तर तीही छान वठली असती.

"मॅडम," मी म्हणालो, "माझं ऐकू नका. पायाला विचारा."

त्या उठल्या. हातोडी घेतली. मी पुन्हा गुडघे टेकले. उजवा: टुणकन. डावा: काही नाही. त्यांनी माझं पाऊल हातानं थोडं वर दाबून धरलं आणि पुन्हा मारलं. काही नाही. बोटं अडकवून ओढायला लावली. काही नाही. मग म्हणाल्या, "टेबलावर झोपा. डोळे मिटा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मी कापूस फिरवते. लागला की हो म्हणा."

डोळे मिटून पडलो. आधी उजवा. "हो. हो. हो." गुदगुल्या झाल्या. मग डाव्याची वाट बघत राहिलो. वाट बघितली. बाहेर कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. शेवटी न राहवून म्हणालो, "सुरू करा ना, मॅडम."

"झालं," मॅडम म्हणाल्या. आवाज एकदम मऊ होता.

मी डोळे उघडले. कापूस माझ्या करंगळीला टेकलेला होता. दिसत होता. तेवढंच, दिसत होता. वर्षभर मी लग्नालग्नांत ज्याची नक्कल केली ते हे होतं. मला कुणीतरी हसावं असं वाटलं, म्हणजे मलाही जमलं असतं. कुणी हसलं नाही.

"मागे कधी कंबर दुखली होती?"

"गेल्या वर्षी. याच पायात. मग आपोआप बरं झालं."

"कळ गेली," मॅडम म्हणाल्या. "बरं नाही झालं. उद्याच्या उद्या दाखवा." मग त्या मुलीकडे वळल्या. "तक्रार उजव्या पायाची. डावा इतका का बघितलास?"

"चांगला पाय आधी बघायचा असं शिकवलंय, मॅडम. आणि बाहेर यांची चप्पल बाकाखाली राहिली होती. यांना कळलंच नव्हतं."

मॅडम जागेवर गेल्या. मी आडवा, मान उचलून बघत होतो; मित्र दाराची कडी धरून. पेनाचं टोपण निघालं. त्यांनी छापलेल्या ओळीवर काट मारली, शेजारी काहीतरी लिहिलं, आणि म्हणाल्या, "जा. पुढच्या पेशंटलाही जेवायचा हात विचार."

ती दाराबाहेर गेली आणि लगेच फोनवरचा आवाज ऐकू आला. "आई, आवणी झाली का?"

नंतरचं थोडक्यात. मणक्यांत नस दबली होती. दुखायची थांबली ती बरी झाली म्हणून नव्हे, थकून गप्प बसली म्हणून. ऑपरेशन टळलं, गोळ्या, व्यायाम आणि पट्ट्यांचे सँडल नशिबी आले. अंगठ्याची चप्पल बंद. पट्ट्यांच्या सँडलमध्ये माणूस शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा दिसतो. मित्रानं मला खोट्या पेशंटच्या यादीतून कायमचं काढलं. वर म्हणाला, "तुझी बढती झाली. आता तू खऱ्यांत."

बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ लाटण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आठवडाभर मारत होते मी." आणि आत गेली. त्या रात्री तिनं चपलेवरून काही म्हटलं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

ती मुलगी आता त्याच कॉलेजच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून असते, आणि मी तिच्या वाट्याला आलो आहे. आठवड्यातून दोनदा जातो. बायको सोबत येते. मी घरी व्यायाम केला की नाही याची साक्ष द्यायला. चवड्यांवर आता बरा उभा राहतो. टाचेची उडी आली नाही. ती येईल न येईल, त्याची काळजी करू नका, असं मुलगी म्हणते. पण पावलाच्या कडेला कापूस कळायला लागला की चप्पल घालायची परवानगी, असा आमचा करार आहे.

गेल्या आठवड्यात तिनं मला टेबलावर झोपवलं. "डोळे मिटा, काका. लागला की हो म्हणा."

डोळे मिटले. मेनरोडच्या दुकानात मी एक कोल्हापुरी बघून ठेवली होती, पिवळसर, अंगठ्याला गोंडा. ती डोळ्यांसमोर आली. नटाला नेमकी जागा सापडायला हवी: फार लवकर नको, फार उशिरा नको. थोडं थांबलो. भुवई जराशी हलवली, जणू दूरवरून काहीतरी येतंय. मग ओठांवर हलकं हसू, आणि अगदी हळू, स्वतःलाच खरं न वाटल्यासारखं म्हणालो, "हो."

"कुठं?"

"करंगळीपाशी. पुसट. पण हो."

"काका," ती म्हणाली, "कापूस अजून माझ्या खिशात आहे."

खुर्चीवरून बायकोचं हसू ऐकू आलं. वर्षभरात माझ्या पायावर ती पहिल्यांदाच हसत होती. मी डोळे तसेच मिटून ठेवले.

"आता परत," मुलगी म्हणाली. "आणि या वेळी प्रेताचं काम करा. आपणहून काही नाही."